खुर्ची वळत नाही

४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

पत्र पाहून दचकू नका, आम्ही सगळे धड आहोत. फोन सोडून पत्र लिहायला बसले, कारण सध्या तुम्ही ज्या डोंगरात लेणी मोजत बसला आहात तिथे फोन लागला तरी निम्मं वाक्य पोचतं आणि निम्मं वाऱ्यावर जातं. शिवाय आपल्या घरात फोन आईंच्या पलंगाला लागून. त्यांची कंबर काय म्हणायचं ते म्हणो, कान मात्र तरण्या मुलीचे आहेत.

तर आता खरं सांगते. फोनवर मी दर वेळी "आई बऱ्या आहेत" म्हणते ते खोटं नाही, पण पुरतंही नाही. खुब्याचं हाड जुळलं, मात्र पाय भार घेत नाही. घेणारही नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. तुम्ही हातातलं काम टाकून धावत याल म्हणून तुमच्या दादांनी मला गप्प बसवलं होतं. आता चाकाची खुर्ची आणली आहे. एक दवाखाना बंद पडला, तिथली जुनी मिळाली. नवी घेता आली असती, पण नव्या खुर्चीतही माणूस बसूनच राहणार. चाकं कुरकुरत होती, त्यांना शिलाई मशीनचं तेल घातलं. आता आवाज फक्त आईंचा येतो.

अडचण वेगळीच आहे. ती तुमच्याच धंद्यातली, म्हणून तुम्हाला लिहिते.

आपल्या लेण्यात देवाभोवतीची वाट तुम्हाला आठवत असेल. खडकातच कोरलेली, एका माणसापुरती. दारातून डाव्या हाताला वळलं की थोड्याच अंतरावर जमिनीत पन्हळ आहे. महादेवाची पन्हळ ओलांडायची नाही. तिथवर जायचं, हात जोडायचे आणि आल्या वाटेने परत फिरायचं. मी या घरात आले त्या आठवड्यात आईंनी मला दंडाला धरून तिथे थांबवलं होतं. त्या पन्हळीपलीकडे लेण्यात काय आहे ते मी आजवर पाहिलेलं नाही. पाहावंसं वाटलंही नाही.

आता गंमत बघा. मी टेप घेऊन गेले आणि वाट मोजली. खुर्ची आत जाते, दोन्ही बाजूंना बोट शिरेल एवढी जागा ठेवून जाते. पण पन्हळीपाशी ती वळत नाही. रीत सांगते परत फिरा, खुर्ची म्हणते मला फिरता येत नाही. उलटी ओढत आणावी तर आई म्हणाल्या, "मी काय भुशाचं पोतं आहे?" मग दारातूनच दर्शन घ्या म्हटलं तर म्हणाल्या, "दारात उभी राहायला मी पाहुणी नाही. जाईन तर प्रदक्षिणेसकट, नाहीतर नाही." आणि खरंच जात नाहीत. हाड मोडल्यापासून एकदाही नाही. दर आठवड्याला जाणारी बाई त्या दिवशी सकाळपासून भिंतीवरचं घड्याळ बघत बसते आणि माझा जीव तुटतो.

त्यात भर म्हणजे एप्रिलमध्ये त्या वाटेत छताला आधार म्हणून लोखंडी खांब लावणार आहेत. मग माणूस अंग चोरून जाईल, खुर्ची जाणार नाही. जे काही करायचं ते त्याआधी. तुम्ही असल्या वाटा रोज मोजता. एखादी युक्ती असेल तर कळवा. फक्त ती देवाच्या नियमात बसणारी हवी.

तुमची,
वहिनी

१३ फेब्रुवारी

ती. वहिनीस सा. न.

आधी भांडून घेते. आईचा पाय गेला आणि मला कुणी कळवलं नाही. दादाला सांग, मी आले की त्याच्याशी बोलणार नाही, आणि कितीही विनवण्या केल्या तरी किमान जेवण होईपर्यंत बोलणार नाही.

आता तुझं कोडं. युक्ती सोपी आहे, वहिनी. वळायचंच नाही. सरळ पुढे जायचं.

तुला राग येईल, तरी ऐक. आपल्या लेण्यात मधोमध जे आहे ती पिंड नाही, तो स्तूप आहे. खाली गोल ओटा, वर घुमट. ज्या भिक्षूंसाठी तो कोरला ते त्याला उजव्या हाताला ठेवून पूर्ण फेरी मारत. पुढे कधीतरी ते गेले, दुसरी माणसं आली, त्यांना त्यात महादेव दिसला. असं पुष्कळ ठिकाणी झालं आहे. पन्हळीचंच बघ. पिंडीची असती तर डावीकडून निघाल्यावर ती बरीच फेरी झाल्यावर लागली असती. आपली सुरुवातीलाच लागते. छतातून झिरपणारं पाणी बाहेर काढायला कुणीतरी मारलेली ती चर असणार. तिच्यात देवाचं तीर्थ कधी वाहिलेलं नाही. ओलांडायला काही हरकत नाही.

मी सध्या जिथे आहे तिथे जैनांचं एक लेणं आहे. मधोमध दगडाचा एकच खांब आणि त्यात चार दिशांना चार तीर्थंकर, पाठीला पाठ लावून बसलेले. तिथे देवाला मागची बाजूच नाही. अर्ध्यातून परत फिरलेल्या माणसाचं दर्शन अर्धंच राहतं. रोज सकाळी एक आजोबा येतात आणि तीन फेऱ्या घालतात. मी टेप धरून वाटेत बसलेली असते. ते ओरडत नाहीत, नुसते माझ्या डोक्याशी येऊन थांबतात. मग मी उठते.

आईला घेऊन जा आणि सरळ पुढे ढकल. एका दमात होईल.

तुझी,
नणंद

२० फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

पत्र पोचलं. एका दमात होईल असं तुम्ही लिहिलंत. मला तो दम खायला पाच दिवस लागले.

तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही म्हणता तर तो स्तूपच असेल. पण मग लग्न झाल्यापासून मी हात जोडले ते कुणाला? मुलाच्या तापात तिथे बसून राहिले होते, ते कुणाजवळ? तुम्ही ते एका ओळीत "चर" म्हणून लिहून टाकलंत. रागावले नाही. पण दोन दिवस पूजेला बसले की हात जोडता जोडता घोटाळायला होत होतं.

समोरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई तुम्हाला माहीत आहेत. त्या बुद्धाचं स्थान म्हणून येतात आणि पूर्ण फेरी मारतात. मी पन्हळीपासून परत फिरते तेव्हा हमखास त्या समोर. वाट एकाचीच, म्हणून दर वेळी त्या बिचाऱ्या उलट्या पावलांनी दारापर्यंत मागे येतात, मला बाहेर काढतात आणि मग पुन्हा आत शिरतात. इतक्या वर्षांत त्या मला "तुम्ही का वळता" म्हणाल्या नाहीत आणि मी त्यांना "तुम्ही का ओलांडता" म्हटलं नाही. परवा मात्र मी विचारलं, "अहो, पन्हळीपलीकडे असतं काय?" त्या दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करत म्हणाल्या, "वाट असते." मी म्हटलं, "आणि पुढे?" म्हणाल्या, "पुढे दार येतं. मी दर वेळी बाहेर येते की नाही?"

तुमच्या दादांनी वेगळाच घाट घातला. छापखान्यातून सुटी घेतली, एका बाद यंत्राचं चक्र आणलं, त्यावर फळी ठोकली आणि फिरता पाट केला. पन्हळीपाशी पाट ठेवायचा, खुर्ची त्यावर चढवायची आणि गर्रकन फिरवायची. आईंच्या आधी मला बसवून पाहिलं. पाट फिरला, त्याबद्दल वाद नाही. पण खुर्ची लांबीला मोठी आणि वाट रुंदीला लहान, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. माझे गुडघे खडकाला टेकले, पाठ देवाकडे झाली आणि मी तिथे आडवी अडकले. लेण्याचा चावीवाला कंदील घेऊन आला आणि भिंतीकडे तोंड करून हसत राहिला. मी यांना म्हटलं, "छापखान्यात उलटी अक्षरं जुळवता म्हणून माणूसही उलटा करता येतो असं वाटलं का?" शेवटी मला खुर्चीवरून उतरवून खुर्ची डोक्यावर घेऊन बाहेर आणली.

तुमचं पत्र मी आईंना वाचून दाखवलं, अर्थात गाळून गाळून. पण पन्हळ ओलांडायची गोष्ट कानावर तरी घालावी म्हणून सहज बोलल्यासारखं म्हटलं, "वन्सं म्हणतात, सरळ पुढे गेलं तर चालतं म्हणे." आईंनी एकदम भिंतीकडे तोंड फिरवलं आणि पदर तोंडावर घेतला. खांदे हलत होते, वन्सं. मी घाबरून गेले. ज्या बाईने जन्मभर ती रीत पाळली, तिच्यासमोर तिच्या मुलीचं नाव घेऊन मी हे बोलले. मग विषय काढलाच नाही.

म्हणजे आता मार्ग नाही. आईंचं मन मोडून त्यांना प्रदक्षिणा घालण्यात काय अर्थ आहे?

तुमची,
वहिनी

१ मार्च

ती. वहिनी,

तुझं पत्र वाचलं आणि स्वतःचं आठवून लाज वाटली. पंधरा ओळींत मी तुझा देव काढून घ्यायला निघाले होते. तसं मला म्हणायचं नव्हतं. दगड कुणी कोरला ते मी सांगू शकते. तू त्याच्यासमोर बसून काय बोललीस आणि ते ऐकलं गेलं की नाही, ते मोजायची टेप माझ्याजवळ नाही.

एक गोष्ट मात्र सांगते. ती मला या कामात फार उशिरा उमगली. आपण घर बांधतो तेव्हा आधी भिंती उभ्या राहतात आणि मग त्यातून चालायची जागा उरते. लेण्यात उलटं असतं. तिथे आधी सगळा डोंगरच असतो, भरीव. कारागीर वरून, छतापासून कोरत खाली येतात आणि जेवढा दगड काढतात तेवढी वाट होते. मधे जो दगड काढला नाही तो देव. म्हणजे आपल्या लेण्यात आधी प्रदक्षिणा कोरली गेली, तिच्यामुळे देव उरला. ज्याने ती वाट कोरली तो छिन्नी घेऊन पूर्ण गोल फिरल्याशिवाय बाहेर आलेला नाही. पहिली फेरी त्याची. तो कोणत्या पंथाचा होता हे मला माहीत नाही, पण तो मधून परत फिरला नव्हता एवढं खात्रीने सांगते.

आणखी एक, हसू नकोस. मी स्वतः कुठल्याही लेण्यात पन्हळ दिसली की थांबते. पाय आपोआप वळतात. इथली माझ्याबरोबर मोजणी करणारी माणसं मला चिडवतात, म्हणतात, "बाई, नकाशा अर्धाच काढायचा का?" मग मी देवाची क्षमा मागते आणि पलीकडे जाते. आपल्या लेण्यात तर मीही कधी पलीकडे गेले नाही. आईने नेलं नाही आणि पुढे मी डोंगर डोंगर फिरले तरी आपलाच तेवढा राहिला.

तेव्हा मी आता काही सुचवत नाही. आईला नको असेल तर नको. पण तिला नक्की नको आहे का, हे तिला सरळ विचार. तुम्ही दोघी एकमेकींना इतक्या जपता की कुणाला काय हवंय ते तिसऱ्याने येऊन सांगावं लागतं.

खांब कधी लावणार ते चौकशी करून कळव.

तुझी,
नणंद

९ मार्च

प्रिय वन्सं,

झालं. आईंची प्रदक्षिणा झाली.

विचारायचा मला धीर झाला नाही. पण तुमचं ते "आधी प्रदक्षिणा कोरली" वाचलं आणि डोक्यातून जाईना. भाकरी थापताना त्या कारागिराचा विचार, कपडे वाळत घालताना त्याचाच. तोही घामेजून, खोकत, धूळ खात गोल फिरला असेल. त्याला कोणी अर्ध्यावर थांबवलं नाही. शेवटी पूजेला बसले तेव्हा देवाला सांगितलं, यात काही चूक होत असेल तर ती माझ्या खाती मांडा, आईंच्या खात्यावर काही टाकू नका. त्या खुर्चीत बसलेल्या आहेत, ढकलणारी मी आहे.

आईंना सांगितलं, "वळायची सोय झाली आहे. तुम्ही फक्त डोळे मिटायचे, नाव घ्यायचं आणि मी म्हणेपर्यंत उघडायचे नाहीत." त्या एका शब्दाने तरी उलट विचारतील असं वाटलं होतं. पण गरीब गाईसारखं "बरं" म्हणाल्या.

यांनी आणि चावीवाल्याने उंबरठ्यावरून खुर्ची उचलून दिली. तिथून पुढे मी एकटी. पन्हळीपाशी आले आणि पाय खिळले. आईंची पाठ माझ्यासमोर, त्यांचं नामस्मरण चालू. मी मनात म्हटलं, आता नाही तर कधीच नाही, आणि ढकललं. पुढची लहान चाकं नेमकी पन्हळीत बसली. पुढे जाईना, मागे येईना. वाटलं, हीच ती शिक्षा. तेवढ्यात मागून शिवणकामवाल्या बाईंचा आवाज, "थांबा, मी आहे." त्यांनी विचारलं नाही, काही नाही. माझ्या पाठीला खांदा लावला आणि दोघींच्या रेट्याने चाकं वर आली. वन्सं, आम्ही पलीकडे होतो.

पलीकडे काय होतं म्हणाल तर मला ठाऊक नाही. मी डोळे गच्च मिटून घेतले होते. हाताला खुर्ची लागत होती, तळव्यांना थंड दगड. मग डोळ्यांवर उजेड आला आणि दार आलं. तुमचे दादा आम्ही गेलो त्या बाजूला तोंड करून वाट बघत होते. आम्ही त्यांच्या मागून निघालो तेव्हा ते असे दचकले की हातातली चप्पल पडली.

आईंनी विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं." त्या दिवसापासून त्यांचं जेवण वाढलं आहे, काल तर भांडी घासताना मला आतून गुणगुणणं ऐकू आलं. कशा वळलो ते त्यांना काही कळलेलं नाही. मी सांगणार नाही. तुम्हीही फोनवर बोलून बसू नका.

खांब पुढच्या महिन्याच्या मधल्या आठवड्यात लागणार.

तुमची,
वहिनी

१५ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

हात थरथरतो, अक्षर लावून घे. वहिनीने तुला "आईंना काही कळलेलं नाही" असं लिहिलं आहे, ते काल मला कळलं. पत्र पेटीत पडून गेलं, परत कसं काढणार? ती आता माझ्या शेजारी बसून डाळ निवडते आहे आणि म्हणते, "तुम्हीच लिहा, माझी काय शोभा करायची ती करा." तर करते.

मी डोळे मिटले नव्हते. अर्धवटही नाही. टक्क उघडे होते.

आणि त्या दिवशी मी पदर तोंडावर घेतला तो हसू लपवायला. मी सून म्हणून आले तेव्हा माझ्या सासूने मला त्या पन्हळीपाशी थांबवलं. मी आत डोकावून पाहिलं, तर तिने मान धरून फिरवली. तेव्हापासून माझ्या मनात होतं, पलीकडे आहे तरी काय. पुढे मीच तुझ्या वहिनीला थांबवलं, आणि ती माझ्याहून कडक निघाली. मी एक उपास धरला तर ती दोन धरते. तिच्यासमोर कोणत्या तोंडाने म्हणू की मला देवाची पाठ बघायची आहे? मी सासू, पण खरं सांगते, मला तिची भीती वाटते. (ती म्हणते, हे खोडा. खोडणार नाही.) मग हाड मोडलं, खुर्ची आली, आणि तिने टेप लावून सांगितलं की खुर्ची वळत नाही. मी मनात म्हटलं, देवा, सोय केलीस. म्हणून तर हटून बसले, प्रदक्षिणेसकट जाईन, नाहीतर नाही. वाटलं होतं, दोन दिवसांत ती स्वतःच पुढे ढकलेल. तुझ्या भावाने तो फिरता पाट केला तेव्हा मात्र मला धडकी भरली, म्हटलं हा चालला तर माझं सगळं गेलं.

काल पुन्हा गेलो. पन्हळीवर वहिनीने आता फळी टाकली आहे. फळी ओलांडली आणि खुर्ची एकदा या भिंतीला, एकदा त्या भिंतीला लागायला लागली. मी म्हटलं, "सूनबाई, डोळे उघड, आदळशील." खुर्ची जागीच थांबली. मग म्हणाली, "आई, तुमचे मिटलेले नाहीत?" मी म्हटलं, "पहिल्या दिवसापासून नाहीत." ती तिथेच मटकन खाली बसली. आधी रडते आहे असं वाटलं, पण हसत होती. त्या दगडात तिचं हसणं असं घुमलं की दारातून तुझा भाऊ ओरडला, "अडकलात का?"

आता पलीकडचं सांगते. तू मोजायला येशीलच, पण आधी माझ्याकडून ऐक. मागे देव गुळगुळीत केलेला नाही. छिन्नीचे घाव तसेच आहेत, शेत नांगरल्यासारखे ओळीने. त्याच्या समोर बाहेरच्या भिंतीत, जिथे सगळ्यात अंधार आहे आणि वाट वळते, तिथे दगडात एक लांब खोबण पडली आहे. ती कोणी कोरलेली नाही. अंधारात वळताना माणसं भिंतीला हात धरून गेली, त्या हातांनी झिजली आहे. लोण्यासारखी मऊ झाली आहे. वहिनी उभी राहिली तर बरोबर तिच्या हाताशी येते. आणि तिच्या खाली, पुष्कळ खाली, दुसरी आहे, अरुंद. आम्हाला कळेना ही कोणाची. मागून शिवणकामवाली आली, तिने सांगितलं, "ती लेकरांची."

खुर्चीतून मला वरची पोचत नाही. मी माझा हात लेकरांच्या खोबणीत ठेवला. वहिनीने वरच्या खोबणीत ठेवला. बराच वेळ आम्ही हात काढले नाहीत. शेवटी शिवणकामवाली म्हणाली, "मला पुढे जायचंय." मग निघालो.

खांब लागले की मला तिथे जाता येणार नाही, त्याचं वाईट वाटत नाही. तोवर रोज जाणार आहे. वहिनी तयार आहे. पण त्याआधी तू ये. भावाशी भांडायचं असेल तर ते इथे येऊन भांड. तू लहान होतीस तेव्हा मी तुला पलीकडे नेलं असतं तर वरच्या खोबणीत माझा हात असता आणि खालच्या खोबणीत तुझा. आता वरच्यात तुझा राहील आणि खालच्यात माझा. चालेल.

तुझी,
आई